मध्यंतराला परवानगी नाही

थंडीच्या सुरुवातीला घरातलं हीटिंग पहिल्यांदा चालू केलं की जळक्या धुळीचा वास येतो. उन्हाळाभर पाइपांत साचलेली धूळ तापते आणि तासाभरात वास विरून जातो. शिकागोजवळच्या शॉमबर्गच्या बाजूला वर्षानुवर्षं राहिलेल्यांना त्याचं काही वाटत नाही. आता कपाटातून स्वेटर काढायचे, एवढाच त्याचा अर्थ. सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर बराच वेळ चालला की त्याच्या दिव्याभोवती असाच वास यायचा. ऐंशीच्या दशकातल्या एका पानगळीत तो दर दुसऱ्या शुक्रवारी आमच्या कपड्यांना लागून घरी येत असे.

आता युरोपातला कुठलाही चित्रपट सोफ्यावर बसून लावता येतो. सुरू होण्याआधी बोधचिन्हांची रांग लागते. देशाचा चित्रपट निधी, मग प्रांताचा, मग सरकारी टीव्ही, मग सगळ्या युरोपाचा मिळून एक निधी. घरातली मुलं विचारतात, "व्हेन डज इट स्टार्ट?" त्यांना ती रांग म्हणजे अडथळा वाटते. खरं तर चित्रपटाच्या जन्माची हकिगत तिथेच सांगून होते. लहान भाषेतला सिनेमा बाजारात एकटा उभा राहू शकत नाही, हे त्या देशांनी फार पूर्वी मान्य केलं. मग त्यांनी सरकारी तिजोरीतून चित्रपट काढले. पुढे असं लक्षात आलं की काढून भागत नाही, दाखवावेही लागतात. तेव्हा दाखवण्यासाठीही तरतूद झाली, अधिकारी नेमले गेले, नियम झाले. असा एक अधिकारी आणि असा एक नियम त्या पानगळीत आमच्या वाट्याला आला.

वसुधा दामले नागपूरच्या. त्यांचे यजमान भूलतज्ज्ञ, हॉस्पिटलच्या ड्यूटीमुळे निम्मा आठवडा घराबाहेर. कॉलेजात असताना वसुधाताई नागपुरातल्या एका फिल्म सोसायटीत होत्या. तिथेही युरोपातले चित्रपट वकिलातींकडून फुकट येत. सोसायटीच्या खेळांना सेन्सॉरची कात्री नसे. त्यामुळे काही मंडळी वेगळ्याच आशेनं सभासद होत आणि दोन तास एका म्हाताऱ्याला बर्फातून चालताना पाहून हिरमुसून घरी जात. हे सांगताना वसुधाताई मनापासून हसत. त्या म्हाताऱ्याबद्दल बोलताना मात्र हसत नसत.

अमेरिकेत आल्यावर त्या "डॉक्टरांच्या मिसेस" झाल्या. पाकिटांवर तेच, पार्ट्यांत तेच, मुलीच्या शाळेतही तेच. शिकागोतल्या एका युरोपीय देशाच्या कॉन्सुलेटला त्यांनी पत्र घातलं तेव्हा खाली फक्त स्वतःचं नाव लिहिलं. देश लहान. त्याची भाषा बोलणारे सगळे जमवले तरी मराठी बोलणाऱ्यांच्या पासंगाला पुरणार नाहीत. पण तो देश दरसाल चित्रपट काढत होता आणि ते इंग्रजी सबटायटल्ससह अमेरिकाभर पाठवत होता. होकार आला. पानगळीच्या मोसमात पाच चित्रपट मिळतील, पत्र्याच्या डब्यांतून, बसच्या पार्सलनं. शेजारच्या गावच्या लायब्ररीनं तळघरातला हॉल दिला, तोही प्रायोगिक तत्त्वावर. कॉन्सुलेटची साथ असेपर्यंत हॉल तुमचा; नाहीतर शुक्रवार पुन्हा पत्त्यांचा ब्रिज खेळणाऱ्यांना. लायब्ररीच्या पत्रकावर मोसमाच्या नावाखाली छापलं होतं, "संयोजन: वसुधा दामले". त्या ओळीत डॉक्टर नव्हते. डॉक्टरांनीच ते पत्रक फ्रिजवर चिकटवलं.

अटी सोप्या होत्या. तिकीट लावायचं नाही. चित्रपट मूळ भाषेत, पूर्ण, मधे न थांबवता दाखवायचा. मशिन बिघडलं तर तेवढा वेळ माफ. आणि प्रेक्षक "सर्वसाधारण अमेरिकन जनता" असावी. शेवटची अट वाचून डॉक्टर दामले म्हणाले, "वसू, आपण त्यात येतो का गं? टॅक्स तर भरतो."

"अहो, टॅक्स भरणारा तो जनता," वसुधाताई म्हणाल्या. पण कागद त्यांनी दोनदा वाचला होता.

अमेरिकन जनता फारशी आली नाही. मिसेस हॅच नावाच्या एक निवृत्त शिक्षिका यायच्या, विणकाम घेऊन. त्यांच्या दोन मैत्रिणी, लायब्ररीतला एक कर्मचारी आणि एक गृहस्थ, जे हॉल गरम असतो म्हणून येत असावेत, असा सर्वांचा समज होता. रिकाम्या खुर्च्या भरायच्या तर माणसं एकाच ठिकाणी होती, आमच्या मराठी मंडळात. वसुधाताईंनी फोन फिरवले.

मोहन पाठक मंडळाचे सिनेमावाले. दिवसा मोटरच्या डिझाइनचं काम. गणपतीला आणि संक्रांतीला मंडळाचा मराठी सिनेमा लावायचा तो त्यांनीच. त्यांनी विचारलं, "वहिनी, पॅरिस-बिरिसचं काही आहे का त्यात? असेल तर मुलांना घरी ठेवून येतो."

"होडीवाल्याची गोष्ट आहे, मोहनराव."

"म्हणजे मुलांना घेऊन येऊ. झोपतील तरी."

ते आले, आणि प्रोजेक्टरही त्यांनीच हातात घेतला. पहिले दोन चित्रपट लहान होते, एकेका रिळात संपणारे. तेव्हा काहीच अडचण आली नाही. लोक बसले, कोट मांडीवर घेऊन पाहिलं, आणि संपल्यावर पार्किंगमध्ये उभं राहून बोलले. खाली पानं वाजत होती. गाड्यांच्या दिव्यांत सगळ्यांच्या तोंडची वाफ दिसत होती. "एवढा स्लो का असतो यार यांचा सिनेमा?" असं कुणीतरी म्हणे आणि मग गाड्या सुरू करूनही अर्धा तास कुणी निघत नसे.

तिसरा चित्रपट होडीवाल्याचा, पूर्ण लांबीचा, दोन मोठ्या रिळांचा. त्याच खेळाला कॉन्सुलेटच्या मिसेस क्रोल येणार असा निरोप आला. मोसम पाहायचा, प्रेक्षक पाहायचे, आणि उरलेले दोन चित्रपट इथे पाठवावेत की दुसरीकडे, ते ठरवायचं. त्या काळात अशा योजनांवर त्यांच्या देशातही टीका होत होती. परदेशातल्या तळघरांत कोण पाहतं आपला सिनेमा, असा प्रश्न तिथल्या वर्तमानपत्रांत विचारला जात होता. मिसेस क्रोल यांना त्याचं उत्तर न्यायचं होतं.

वसुधाताईंनी त्या आठवड्यात प्रत्येकाला बजावलं. लायब्ररीत प्रोजेक्टर एकच. पहिलं रीळ संपेल, तेव्हा अंधारातच दुसरं चढवायचं. दोन मिनिटं शांत बसायचं. दिवे लागणार नाहीत. मोहन पाठकांना त्यांनी ते दोनदा सांगितलं. त्यांच्या पत्नीला, शैला पाठकांना, सांगायचं राहिलं.

मराठी मंडळाच्या सिनेमाला मध्यंतर असतं, आणि मध्यंतराला बटाटेवडे असतात. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. ज्यानं पहिला सिनेमा लावला त्याच्या बायकोनं वडे केले, आणि तेव्हापासून रीळ बदलणं म्हणजे वडे. वडे नसते तर निम्मी मंडळी सिनेमाला आली नसती, हेही खरं. शैला पाठकांना कळलं होतं ते एवढंच की पाहुणी येणार आहे. त्यांनी घरून सारण करून आणलं आणि लायब्ररीच्या चहा करायच्या खोलीत, दार लावून, वडे तळायला घेतले.

पडद्यावर नदी गोठत होती. होडीवाला काठावर बसून होता, कारण पलीकडे पूल झाला होता आणि होडी बंद व्हायची होती. बराच वेळ कुणीच बोलत नव्हतं, पडद्यावरही आणि हॉलमध्येही. मिसेस क्रोल मागच्या रांगेत, पाठ ताठ ठेवून. मग दाराच्या फटीतून तळणीचा वास आला. एक मान वळली, मग रांगच्या रांग. होडीवाल्यानं वल्हं उचललं आणि पहिलं रीळ संपलं. पट्टीचं टोक फटफटू लागलं.

हॉलमध्ये दिवे लागले. मोहन पाठकांचा हात सवयीनं बटणावर गेला होता. तोंडही सवयीनं उघडलं. "मंडळी, मध्यंतर! वडे गरम आहेत, लाइन लावा."

ते म्हणून झाल्यावर त्यांना वसुधाताईंचा चेहरा दिसला.

आता थांबवणं शक्य नव्हतं. मुलं धावली. शैला पाठक ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या, कपाळावर पीठ. मिसेस हॅच यांनी विणकाम खुर्चीवर ठेवलं आणि त्याही रांगेत लागल्या. मागोमाग हॉल गरम असतो म्हणून येणारे गृहस्थ. मिसेस क्रोल जागच्या हलल्या नाहीत. शैला पाठक त्यांच्यापाशी गेल्या आणि म्हणाल्या, "प्लीज, मॅडम, इट इज ओन्ली पोटॅटो." मिसेस क्रोल यांनी वडा घेतला आणि हातात धरून ठेवला.

वाद तेवढ्यात पेटला होता. डॉक्टर दामले भिंतीला टेकून म्हणत होते, "सरकारच्या पैशानं काढला की असं होतं. प्रोड्यूसरचं घर गहाण असतं तर होडीवाला पहिल्या दहा मिनिटांत पलीकडे गेला असता."

"काय बोलता, डॉक्टर! आपल्याकडे मराठी सिनेमाला सरकार टॅक्स परत देतं की. तिथे कुठे असा स्लो आहे?" एकानं विचारलं.

"तिथे सरकार पैसे देतं आणि सिनेमा तमाशाचा निघतो. त्यापेक्षा होडी बरी," दुसरा म्हणाला.

"होडी चालत असती तर बरी!"

लोक हसले. पानगळीतल्या त्या सगळ्या शुक्रवारांत हॉल इतका जिवंत कधीच नव्हता. वसुधाताई मात्र प्रोजेक्टरपाशी उभ्या होत्या, दुसरं रीळ दोन्ही हातांनी धरून. मोहन पाठक ते घ्यायला गेले तेव्हा त्यांनी ते लगेच दिलं नाही.

"वहिनी, चुकलं," मोहन पाठक हळूच म्हणाले. "मी सांभाळतो. तुम्ही काही बोलू नका." आणि ते मिसेस क्रोल यांच्याकडे गेले. दिवा जास्त तापला होता, मशिन बंद करावं लागलं, टेक्निकल प्रॉब्लेम, असं त्यांनी सांगितलं. इंजिनिअर माणूस, त्यांनी दिव्याचे वॅटही सांगितले. अटीत ते बसत होतं.

सगळे परत येऊन बसले. उठून घरी कुणीच गेलं नाही. मध्यंतरानंतर परत बसायचं असतं, हेही सवयीतच होतं. होडीवाला शेवटी नदी ओलांडून गेला, गोठलेल्या बर्फावरून, होडी ओढत. कुणी खोकलंही नाही.

खुर्च्या आवरताना मिसेस क्रोल वसुधाताईंपाशी आल्या. वडा त्यांनी खाल्ला होता. रुमालाला तेल लागलं होतं. त्यांनी आधी विचारलं, मध्यंतरात लोक एवढं काय भांडत होते. वसुधाताईंनी भाषांतर केलं, घराच्या गहाणासकट. मिसेस क्रोल थोडं हसल्या. "आमच्याकडेही लोक हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "इथे अमेरिकेत बाकी ठिकाणी मात्र सगळे टाळ्या वाजवतात आणि निघून जातात." मग त्यांचा आवाज बदलला. "ते गृहस्थ म्हणाले दिवा तापला होता. तसं असेल तर मला तसं कळवता येईल. तसं होतं का?"

मोहन पाठक रीळ डब्यात भरत होते. डबा बंद करायचे ते थांबले. दामले खुर्ची हातात घेऊन उभे राहिले. एक "हो" पुरेसा होता. पुढचे दोन चित्रपट, हॉल, पत्रकावरची ती ओळ, सगळं त्याच्यावर होतं.

"दिवा चांगला होता," वसुधाताई म्हणाल्या. "आमच्या लोकांना मध्यंतराशिवाय सिनेमा पाहता येत नाही. मी सांगितलं होतं, तरी झालं. पण ते सगळे परत येऊन बसले, तेही तुम्ही पाहिलंत."

"पाहिलं," मिसेस क्रोल म्हणाल्या. "पण त्याला आमच्या अटींत जागा नाही." त्यांनी हात मिळवला आणि त्या गेल्या.

गाडीत बसताना मोहन पाठक म्हणाले, "वहिनी, एवढं हरिश्चंद्र कशाला व्हायचं? त्यांचं पण काम झालं असतं."

"मोहनराव, उद्या कुणी विचारलं की हे पाहणारे कोण, तर मिसेस क्रोलना आपल्याबद्दल काय सांगता आलं असतं? दिवा तापला, एवढंच?"

मोहन पाठकांनी गाडीची काच पुसायला घेतली. 

पुढचे दिवस पानं गोळा करण्यात गेले. इथल्या घरांसमोर तेव्हा सगळे एकाच शनिवारी दाताळी घेऊन उतरत. पानांचे ढीग रस्त्याच्या कडेला लावत. ओल्या पानांचा आंबूस वास मोज्यांत जाऊन बसे. दामल्यांच्या घरी फोन वाजला की वसुधाताई दाताळं टाकून आत जात. फोन हॉस्पिटलचा असे. घड्याळं एक तास मागे गेली, संध्याकाळ अचानक लवकर पडू लागली. चौथ्या चित्रपटाचा डबा नेहमी खेळाच्या दोन-तीन दिवस आधी येई. बसच्या पार्सल ऑफिसात त्या दोनदा जाऊन आल्या. तिथल्या माणसानं दुसऱ्यांदा त्यांना काउंटरजवळ येऊच दिलं नाही. लांबूनच मान हलवली.

खेळाच्या दिवशी दुपारी कॉन्सुलेटचा फोन आला. बोलणारी दुसरीच कुणी होती, अतिशय नम्र. उरलेल्या दोन्ही चित्रपटांच्या प्रिंट शेजारच्या राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीकडे पाठवल्या आहेत. तिथे दोन प्रोजेक्टर आहेत आणि प्रेक्षकवर्ग योजनेला अधिक अनुरूप आहे. आपल्या उत्साहाबद्दल आभार.

धोरण म्हणून त्यात चूक काढणं अवघड आहे. देशाच्या तिजोरीतले पैसे. कुणासाठी खर्च करायचे ते आधी लिहून ठेवावं लागतं. लिहिताना समोर कुणीतरी प्रेक्षक धरावा लागतो. त्यांनी जो धरला होता तो इंग्रजी बोलणारा, अंधारात गप्प बसणारा होता. आम्ही इंग्रजी बोलत होतो. बाकीचं जमलं नाही. कितीतरी वर्षांनी, बोधचिन्हांची ती रांग सरकताना, अजूनही वाटतं की त्यांपैकी प्रत्येक चिन्हामागे असा एक कल्पनेतला प्रेक्षक बसवलेला असणार, आणि खुर्चीत मात्र नेहमी दुसरंच कुणी येऊन बसत असणार.

खेळ रद्द झाल्याचं कळवायला वेळ नव्हता. गारांचा पाऊस सुरू होता. वसुधाताई हॉलवर गेल्या, आलेल्यांना परत पाठवता यावं म्हणून. पण लोक आधीच येऊन बसले होते. मागच्यापेक्षा जास्तच, होडीवाल्याची आणि वड्यांची बातमी पसरली होती. मिसेस हॅच यांनी आणखी एका शेजारणीला आणलं होतं. शैला पाठक रिकाम्या हातानं आल्या होत्या आणि मागे बसल्या होत्या. त्या आठवड्यात त्यांनी वसुधाताईंना फोन केला नव्हता.

वसुधाताईंनी जे झालं ते सांगितलं. प्रिंट येणार नाही, मोसम संपला, पुढच्या शुक्रवारपासून ब्रिज. कुणी हललं नाही. बाहेर गारा वाजत होत्या, हे एक कारण असेल.

"वहिनी, होतं काय त्या सिनेमात?" मोहन पाठकांनी विचारलं.

प्रसिद्धीसाठी आधी आलेलं पाकीट वसुधाताईंच्या हातात होतं. चार फोटो आणि कथेचा सारांश. त्यांनी स्वतः तो चित्रपट पाहिलेला नव्हता. त्यांनी एकेक फोटो वर धरला आणि सांगायला सुरुवात केली, एक वाक्य इंग्रजीत, एक मराठीत. दरीतलं गाव. खाली धरण बांधून झालंय. गावात दोन बहिणी, दोघी एकट्या, एकाच घरात. सरकारनं वर टेकडीवर नवी घरं दिली आहेत. धाकटी सामान बांधते. थोरली बांधलेलं सोडते. धाकटी पुन्हा बांधते. हिवाळ्यात पाणी चढायला लागतं. आधी शेत, मग कुंपण, मग विहीर. फोटोत थोरली उंबरठ्यात खुर्ची टाकून बसली होती आणि पाणी तिच्या पायांपासून हातभर लांब होतं.

वसुधाताईंनी फोटो खाली ठेवला.

"अँड देन?" मिसेस हॅच यांनी विचारलं. सुया त्यांच्या हातात तशाच थांबल्या होत्या.

"मला माहीत नाही," वसुधाताई म्हणाल्या. "सारांश इथेच संपतो. शेवट कळला तर लोक सिनेमाला येणार नाहीत, म्हणून ते लिहीत नाहीत."

कुणीतरी हसायला गेलं आणि थांबलं. हॉलमध्ये सगळे दिवे लागलेले होते. पडदा पांढरा, कोरा.

"थोरलीला खुर्चीसकट उचललं," मागून शैला पाठक म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या उभ्या राहिल्या नाहीत. बसूनच बोलत होत्या, मराठीत, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत. "आमच्या दोघी आत्या. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा. पोलीस आले होते. चौघांनी उचललं आणि ट्रकमध्ये ठेवलं. ती काही बोलली नाही. धाकटी ट्रकमध्ये चढलीच नाही. ट्रकच्या मागून चालत गेली, वरपर्यंत."

वसुधाताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. वाक्यं लहान होती. वेळ लागला नाही.

मिसेस हॅच खुर्चीत पूर्ण वळून बसल्या होत्या. त्यांनी आता थेट शैला पाठकांनाच विचारलं, त्या दोघी पुढे एकमेकींशी बोलल्या का.

शैला पाठकांना त्याचं भाषांतर लागलं नाही.

"नो," त्या म्हणाल्या. "सेम हाउस. सेम किचन. नेव्हर."